कोरं गाडगं

भोगीचा दिवस, जानेवारी १९४९. ठिकाण निंबखेडची चावडी, तालुका धाराशिव. हजर असलेले: मुंबई इलाख्यातून बदलून आलेले नवे साहेब, गावचे पोलीस पाटील, पटवारी, कोतवाल, सोनाबाई कुंभारीण, पायऱ्यांवर आणि पाराभोवती बसलेलं निम्मं गाव, आणि उर्दू कागद मराठीत सांगायला व जबाब लिहून घ्यायला मी, तहसीलचा कारकून. ज्यांची चौकशी होती ते मुनीरसाहेब चावडीत नव्हते. त्यांना बाहेर लिंबाखाली बसवलं होतं. पण निंबखेडच्या चावडीला भिंती तीनच बाजूंना. आतलं सगळं बोलणं त्यांच्यापर्यंत जात होतं.

आधी हजेरी लिहून मग पुढं जायची सवय मला त्यांनीच लावली. "अप्पा, पहले कौन कौन थे वो लिखो," म्हणायचे. "काय बोलले ते माणसं मागाहून फिरवतात. हजर कोण होतं ते फिरवता येत नाही." मी मुरुमचा, घरात कानडी बोलणारा. त्यांनी मला पहिल्या दिवसापासून अप्पा म्हटलं आणि पुढं सगळी कचेरी तेच म्हणू लागली.

चौकशीचा मुद्दा एकच होता. निजामाचं राज्य सप्टेंबरात गेलं होतं. जुन्या नोकरांपैकी कुणाला ठेवायचं आणि कुणाला घरी पाठवायचं, हे ठरवायला प्रत्येकाचं चालचलन तपासलं जात होतं. मुनीरसाहेबांविरुद्ध एक अर्ज आला होता: हे गृहस्थ रझाकारांचे, लोकांचा द्वेष करणारे. अर्ज खरा ठरला तर नोकरी जाणार होती, आणि ज्या जिल्ह्यात केस पांढरे झाले तिथून तो शिक्का घेऊन निघावं लागणार होतं.

यातली विचित्र गोष्ट अशी की त्या तालुक्यात चालचलन तपासायचं काम इतकी वर्षं खुद्द मुनीरसाहेबच करत होते.

निजामाच्या राज्यात सरकारी नोकरीला अर्ज केला की दोन गोष्टी लागत. एक, उमेदवार मुल्की आहे, म्हणजे याच राज्यातला आहे, याचा दाखला. दुसरी, चालचलन. मग तो शाळामास्तर असो, नाक्यावरचा शिपाई असो की आमच्यासारखा कारकून. कागद तहसीलला यायचा, आणि मुनीरसाहेब सायकल काढायचे. हुद्दा गिरदावराचा, म्हणजे पटवाऱ्यांवरच्या तपासनिसाचा, पण गावोगाव त्यांना कुणी गिरदावर म्हणत नसे. "चालचलनवाले आले" एवढंच पोरं ओरडत जायची.

उंच, किरकोळ माणूस. कचेरीत शेरवानी आणि तुर्की टोपी. फिरतीवर खाकी कोट, कानाभोवती मफलर आणि सायकलच्या दांडीला अडकवलेली कॅनव्हासची छागल. छागलीतलं पाणी घरचं. सोबत रुमालात शेंगदाणे आणि गूळ. गावात गेले की उमेदवाराच्या घराकडं आधी बघायचेसुद्धा नाहीत. तीन माणसं निवडायची: ज्याचं उमेदवाराच्या घराशी चांगलं आहे असा एक, ज्याचं बांधावरून नाही तर पाण्यावरून वाकडं आहे असा एक, आणि ज्याला त्या घराकडून काहीच नको आहे असा एक. "पहिल्या दोघांचं जिथं जुळतं ते लिहायचं," म्हणायचे, "आणि तिसऱ्याला विचारून खोडायचं."

विचारायची रीतही त्यांचीच. माणूस कसा आहे हे ते कधी विचारत नसत. विचारायचे, "यांच्याकडं पाहुणा आला तर जास्तीची बाज कुणाकडून आणतात?" लोक हसायचे आणि मोकळे व्हायचे. ज्या घराला चार घरांतून बाज मिळते ते घर बरं. ज्याला बाज मागावी लागत नाही ते श्रीमंत, त्याचा तपास निराळा. आणि ज्याच्याकडं पाहुणा आला तरी कुणी बाज देत नाही, तिथं थांबून नीट चौकशी करायची.

माझाही तपास त्यांनीच केला होता. नोकरीला लागून वर्ष झाल्यावर एकदा सहज म्हणाले, "तुमच्या चुलत्याच्या दुकानासमोर ज्याचं दुकान आहे ना, त्याला विचारलं मी."

आमच्या चुलत्यांचं आणि त्या माणसाचं हाडवैर. "काय म्हणाला?"

"हुडुग छलो इद्दानरी, ऊटा जास्ती." त्याचं कानडी त्यांनी जसंच्या तसं म्हणून दाखवलं. पोरगा चांगला आहे, पण जेवण फार. "पहिलं लिहिलं. दुसरं सरकारला सांगायची गरज नव्हती. पण आता सोबत जेवायला बसतो तेव्हा वाटतं, आदमी सच बोल्या."

त्यांनी एकाला नापास केलं ते प्रकरण मला आठवतं, कारण अर्ज पुढं तिथूनच आला. एका गावच्या गढीवाल्यांचा पुतण्या नोकरीला उभा होता. मी सोबत होतो. ज्याला विचारावं तो म्हणे, "लई गुणाचं लेकरू, मुंगीला दुखवनार न्हाय." न्हावी तेच म्हणाला, सुतार तेच म्हणाला, आणि ज्याची विहीर गढीवाल्यांनी बुजवली होती तोही तेच म्हणाला. मुनीरसाहेबांनी त्याला बाजेचं विचारलं. तो गोंधळला. "ते काय सांगितलं न्हाय बा," एवढं त्याच्या तोंडून गेलं. साहेबांनी कागदाची घडी घातली. परतताना म्हणाले, "इतक्या लोकांचं एकमत देवाबद्दलसुद्धा होत नाही, अप्पा." पुतण्याला नोकरी मिळाली नाही. तोच पुतण्या पोलीस कारवाईनंतर पांढरी टोपी घालून कचेरीत आला तेव्हा आम्ही सगळे उठून उभे राहिलो. मुनीरसाहेबही उठले.

आता पाण्याचं. तालुक्यात एकाही गावी ते पाणी प्यायले नाहीत. चहा नाही, पान नाही, गावच्या गाडीत बसणं नाही. कितीही ऊन असो, छागल काढायची, दोन घोट घ्यायचे, बूच लावायचं. लोक घागर दाखवायचे, ते हात जोडायचे. "नक्को, पी को आया," म्हणायचे. मी पहिल्यांदा समजलो, बाहेरचं खात-पीत नसतील. मग पाहिलं, कचेरीत माझ्या डब्यातली शेंगाचटणी ते आवडीनं खातात.

कारण त्यांनी एकदाच सांगितलं. तुळजापूरच्या रस्त्यावर सायकल पंक्चर झाली होती, आम्ही चिंचेखाली बसलो होतो. नोकरीच्या सुरुवातीला, दुसऱ्या तालुक्यात, त्यांच्याकडं एकाच गावचे दोन उमेदवार आले होते. तपासात एक बरा निघाला, एक नाही. जो बरा निघाला त्याच्या घरी ते ताक प्यायले होते; उन्हाळा होता, म्हातारीनं दिलं, प्यायले. निकाल लागल्यावर दुसऱ्या पोराचा बाप कचेरीच्या दारात आला. भांडला नाही, अर्ज केला नाही. एवढंच म्हणाला, "आमच्या घरी ताक नव्हतं, साहेब."

"तपास खरा होता," मुनीरसाहेब म्हणाले. "आज विचारलं तरी तोच निकाल देईन. पण त्या माणसाला ते कसं पटवू? मी ताक प्यालो होतो ना." मग पंक्चर काढणारा आला आणि विषय संपला. पुन्हा त्यांनी तो काढला नाही आणि मीही विचारलं नाही.

निंबखेडला ते आधी तीनदा गेले होते. शेवटची खेप सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यातली. सोनाबाईचा मुलगा माणिक मिडल पास होऊन शाळामास्तरकीला उभा होता. कुंभाराचं पोर मास्तर होणार म्हणून गावाला अप्रूप होतं, आणि काहींच्या डोळ्यांत खुपतही होतं. तेव्हा चालचलनाच्या कागदावर नवा रकाना वाढला होता: उमेदवार सरकारविरोधी जमातीत, म्हणजे संघटनेत, आहे काय? त्या रकान्यात एक ओळ लिहिली गेली तर नोकरी तर जायचीच, पण माणूसही उचलला जायचा.

आम्ही गावात शिरताना माणिकची गाढवं वाटेत भेटली. मडकी लादून बार्शीच्या बाजाराला निघालेली. बार्शी म्हणजे हद्दीपलीकडं, इंग्रजी मुलूख. तिकडं निजामाविरुद्धची मंडळी जमायची आणि कागद, निरोप तिथून आत, इथून बाहेर जायचे. मुनीरसाहेब सायकलवरून उतरले, गाढवांना वाट दिली आणि मडक्यांकडं बघत राहिले. तोंडं मातीनं लिंपलेली होती. रिकाम्या मडक्यांची तोंडं कुणी लिंपत नाही.

"अप्पा," ते म्हणाले, "बार्शीत कुंभार न्हाईत का?"

आणि सायकलवर बसून पुढं निघाले.

गावात त्यांनी नेहमीसारखं तिघांना विचारलं. चोरी नाही, दारू नाही, भांडण नाही. बाज पाच घरांतून मिळते. सोनाबाईनं दारात पाणी काढून ठेवलं होतं. साहेबांनी हात जोडले आणि पुढं गेले. मग शेवटच्या रकान्यासाठी ते चावडीवर आले. भर दुपारी कोतवालाकडून दवंडी देऊन माणसं जमवली, पोलीस पाटलांना शेजारी बसवलं आणि मोठ्यानं विचारलं, "माणिक कुंभार सरकारविरोधी जमातीत आहे काय? ज्याला ठाऊक असेल त्यानं सगळ्यांदेखत पुढं येऊन सांगावं."

सगळ्यांदेखत पुढं कोण येतो? गाव खाली बघत राहिलं. एकदोघांच्या ओठांवर आलं होतं ते मला दिसलं, पण शेजारी उभे असलेले शेजारीच होते. साहेबांनी लिहिलं, "भर चावडीवर विचारलं. कोणी पुढं आलं नाही."

परतताना मी म्हणालो, "साहेब, बाकी सगळं तुम्ही घरोघर, कानात विचारलंत. हेच तेवढं चावडीवर का?"

"जो सवाल जिथं विचारायचा तिथंच विचारावा."

"पण..."

"मी खोटं लिहिलं?"

"नाही."

"मग झालं." आणि पायडल मारायला लागले.

माणिक मास्तर झाला. पुढच्या वर्षी परिस्थिती आणखी बिघडली. रझाकारांची माणसं आमच्या कचेरीत यायची, वर्गणी मागायची, मुसलमान कारकुनांनी खाकी वर्दी घालून कवायतीला यावं म्हणायची. मुनीरसाहेब त्यांना म्हणाले, "मी गावात गेलो की लोक माझ्याशी खरं बोलतात, कारण मी कुणाचा नाही. तुमचा कोट घातला तर मला कोण काय सांगेल? माझं काम बंद पडेल." ते भाषण नव्हतं. कामातली अडचण सांगावी तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांची सायकल कचेरीमागं मोडून पडलेली सापडली. तेव्हापासून ते गावोगाव पायी जायचे. माझे घरचे लोक त्याच महिन्यांत मुरुम सोडून सोलापूरला गेले. मग सप्टेंबर आला आणि घरं सोडायची पाळी त्यांच्या मोहल्ल्यावर आली. त्या पंधरवड्यात जिल्ह्यात जे झालं ते लिहायला मी बसलेलो नाही. त्यांचे मेहुणे एका खेड्यात राहायचे, ते त्या पंधरवड्यानंतर कुणाला दिसले नाहीत, एवढंच नोंदवतो. मुनीरसाहेब त्या गावाला चौकशीला गेले नाहीत. "तिथं मी तपास करू शकत नाही," म्हणाले. "माझंच माणूस आहे ना."

चौकशीचं कळल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. म्हटलं, तुमच्या बाजूनं बोलणारी माणसं काढू. माझ्या सवयीप्रमाणं कागद घेऊन बसलो. ते शांतपणे एकेक नाव कापत गेले. "याला मी पास केला. याची साक्ष चालत नाही, हा उपकाराखाली आहे." "याला नापास केला. हा कशाला बोलेल?" "हा माझ्या हाताखाली होता." तो मी. "आणि उरलेल्यांशी माझी ओळख नाही, अप्पा. ओळख होऊ नये म्हणून तर इतकी वर्षं..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

माणिक कळंबकडं शाळेवर होता. त्याला कळवलं, तो रजा काढून आला, जबाब दिला. नवे साहेब म्हणाले, "याला नोकरी यांच्याच शेऱ्यावर मिळाली ना? लिहून घ्या. पण वजन नाही." माणूस वाईट नव्हता. त्यानं पुस्तकात असावी तशी चौकशी चालवली होती. निंबखेड निवडलं तेसुद्धा, मुनीरसाहेब तिथं अनेकदा गेले आहेत म्हणून.

तर पुन्हा भोगीचा दिवस. उद्या संक्रांत, सुगडं घरोघर पोचवायची कुंभाराच्या वर्षातली ही सगळ्यांत घाईची वेळ. सोनाबाईला कोतवालानं रस्त्यातूनच धरून आणलं होतं. डोक्यावर सुगडांची पाटी तशीच.

आधी नव्या साहेबांनी गावाकडं वळून विचारलं, "यांच्या बाजूनं कुणाला काही सांगायचं असेल तर सगळ्यांसमोर पुढं या."

गाव खाली बघत राहिलं. मी बाहेर लिंबाखाली पाहिलं. मुनीरसाहेबांनी मान वर केली होती, आणि त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती; आपलंच अक्षर दुसऱ्याच्या कागदावर दिसावं तसं काहीतरी होतं.

मग सोनाबाई.

"बाई, हे तुमच्या गावात यायचे. तुमच्याशी वागायचे कसे?"

"वागायचं काय त्यात? येत व्हते, जात व्हते."

"बोलायचे?"

"इच्यारायचे, बाज कुनाची आनता. आता जाऊ का? सुगडं वाटायची हायती, बाया खोळंबल्या."

"थांबा. शिवीगाळ, मारहाण?"

"न्हाय बा. आवाज बी कदी चढवला न्हाय."

"मग लोक म्हणतात, ते आपल्या लोकांचा तिरस्कार करायचे. तुम्हाला तसं काही जाणवलं?"

सोनाबाईनं पाटी खाली ठेवली. हात कमरेवर घेतले. तिच्या मनात साचलेलं होतं ते वर आलं. "आता इच्यारताच तर सांगती. आमच्या हातचं पानी कदी पेले न्हाईत. तीनदा आले, तीनदा म्या दारात पानी काढलं. एकदा बी व्हट लावला न्हाय. कुंभार झालो म्हनून काय झालं, मानसं न्हाय का आमी?"

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. "लिहा."

मी उभा राहिलो. म्हटलं, "साहेब, ते कुणाच्याच हातचं पीत नव्हते. तपासाला गेल्यावर उमेदवाराच्या गावचं पाणी घ्यायचं नाही, असा त्यांचा..."

"तुम्ही त्यांच्या हाताखाली होता. तुमचं म्हणणं वेगळं द्या. आता बाईंचं लिहा."

मी लिहिलं: आमच्या हातचं पाणी कधी प्यायले नाहीत. सोनाबाई पाटी उचलता उचलता अजून बोलतच होती. "कोरं गाडगं काढत व्हते म्या त्यांच्यासाठी. भट्टीतलं, कुनी बी न इटाळलेलं. दर येळी नवं. ते तसंच भरल्यालं ऱ्हायचं." साहेब तोवर पटवाऱ्याकडं वळले होते. ते वाक्य जबाबात आलं नाही. मी समासात लिहिलं. पक्की प्रत करताना साहेबांनी समास गाळायला लावला.

एक गोष्ट सांगून टाकतो. मुसलमान माणसाला घरच्या तांब्यानं पाणी द्यायची रीत तेव्हा कुणाचीच नव्हती. आमच्याही घरची नव्हती. सोनाबाईचं कोरं गाडगं त्या रीतीतूनच निघालं होतं. पण भट्टीतलं चांगलं, विकायला काढलेलं गाडगं ती निवडून बाजूला ठेवायची, आणि एकदा पाणी भरलं की ते विकता यायचं नाही. रीत आणि आदर एकाच गाडग्यात होते. वेगळे काढून दाखवणं मला आजही जमणार नाही.

मुनीरसाहेबांना कमी केल्याचा हुकूम महिन्याभरात आला. लोकांशी फटकून वागणारे, विश्वास ठेवण्याजोगे नाहीत, असा शेरा. हुकूम मीच त्यांना वाचून दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचायला लावला आणि म्हणाले, "तिघांना विचारलं. पद्धत बरोबर आहे."

"साहेब, पद्धत बरोबर आणि निकाल असा?"

"माझेही काही निकाल असेच गेले असतील." थोड्या वेळानं विचारलं, "कोरं गाडगं म्हणाली ना ती?"

"हो."

"दर खेपेला नवं?"

"हो, साहेब."

"मला वाटायचं, रीत म्हणून घागर दाखवतात सगळे." मग नोकरीबद्दल, शेऱ्याबद्दल, अपिलाबद्दल मी जे जे काढलं त्याला ते हूं हूं करत राहिले. अपिलाचा मसुदा मी दिला, तो त्यांनी वाचला, व्याकरण सुधारलं आणि परत दिला. लक्ष तिकडं नव्हतं. निघताना पुन्हा म्हणाले, "मी मागं वळून बघितलंच नाही कधी."

मुलगी हैदराबादेत दिलेली होती, तिच्याकडं जायचं ठरलं. जायच्या आदल्या दिवशी ते माझ्या दारात आले. "निंबखेडला जायचं आहे. येता?"

निंबखेडहून बाजाराला आलेली एक गाडी परत निघाली होती. गाडीवाल्यानं सवयीनं विचारलं नाही. साहेब गाडीत बसत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक. मुनीरसाहेबांनीच त्याला हटकलं, "बाबा, जागा आहे का?" आणि कोट सावरत कडब्यावर बसले. बसता येत नव्हतं त्यांना. वाटभर गाडीच्या दांड्याला धरून होते.

सोनाबाईच्या दाराला कडी होती. शेजारीण म्हणाली, "म्हातारी लेकाकडं गेली कळंबला. सून बाळातीन हाय. शिमग्यापत्तोर यायची न्हाय." मग त्यांना नीट बघून ती दचकली. "चालचलनवाले ना तुमी? आता कुनाचं इच्यारायला आला?"

"कुणाचं नाही, बाई. माझंच काम होतं."

"पानी द्यू का?"

"नको. तिच्याकडचं राहिलं आहे, ते आधी." दाराशेजारी पालथ्या घातलेल्या मडक्यांची उतरंड होती. त्यातल्या एका गाडग्यावर त्यांनी बोटाच्या पेरानं हळूच वाजवलं, कुंभाराकडून मडकं घेताना सगळे वाजवतात तसं. खणखणीत आवाज आला. मग आम्ही परत निघालो.

दुसऱ्या दिवशी मोटारस्टँडवर मी पोचवायला गेलो. एक ट्रंक, एक वळकटी आणि खांद्याला छागल. गाडी सुटायच्या आधी त्यांनी छागलीचं बूच काढलं आणि सगळं पाणी स्टँडवरच्या लिंबाच्या बुंध्याशी ओतून टाकलं.

"साहेब, लांबचा रस्ता आहे. तहान लागली तर?"

"तर कुणाला तरी मागावं लागेल. शिकलं पाहिजे." आणि खिडकीतून हात काढून म्हणाले, "तिला निरोप द्या, अप्पा. पाणी प्यायला आलो होतो म्हणून सांगा." गाडी हलली तेव्हा रिकामी छागल त्यांच्या मांडीवर होती आणि ते बूच लावायचं विसरले होते. त्यांना मी पाहिलं ते शेवटचं.

शिमग्यानंतर मी निंबखेडला गेलो. सोनाबाईला पहिल्यापासून सांगितलं: ताकाची गोष्ट, छागल, चावडीवर माणिकबद्दल विचारलं ते का तसं विचारलं, आणि तिच्या जबाबाचं काय झालं. ती चाकाजवळ बसून ऐकत होती. चाक थांबलं होतं. मग म्हणाली, "मला कुनी सांगितलं का न्हाय? त्यांनी तरी सांगायचं हुतं." मी निरोप दिला तर म्हणाली, "निरोपानं तहान भागती व्हय? त्यास्नीच घिऊन या." उठून तिनं आतून एक गाडगं आणलं, पदरानं पुसलं आणि कोनाड्यात पालथं घातलं.

मी हैदराबादेला पत्र टाकलं. उत्तर आलं, हिवाळ्यात येतो. हिवाळा गेला. दुसरं पत्र परत आलं. पत्त्यावर माणूस नाही. पुढं कचेरीच्या कामानं हैदराबादला जाणं झालं तेव्हा तो मोहल्ला शोधून काढला आणि त्यांच्याच पद्धतीनं तिघांना विचारलं. जावयाची बदली झाली, सगळे गेले. कुठं ते कुणाला सांगता येईना. गल्लीच्या टोकाला एक लोहार होता. त्याला काही देणंघेणं नव्हतं, म्हणून त्याला शेवटी विचारलं.

"वो उस्मानाबादवाले बुजुर्ग?" तो हसला. "घर घर का पानी पिये सो आदमी. दारात उभे राहायचे, अम्मा पानी, म्हणायचे. मेरे पास बी आते थे रोज. घरात नळ होता, तरी."

माणिकमास्तर आता मोठ्या शाळेवर आहे. कामाला कचेरीत आला की जाताना दारात थांबून विचारतो, "आई इच्यारतीय, अप्पा. काय कळलं का?" मी नाही म्हणतो. सोनाबाईला आता दिसत नाही, पण कोनाड्यातलं गाडगं कुणाला उचलू देत नाही म्हणे.

दर वर्षी पाडव्याला मी कामांची नवी यादी करतो. झालेली कामं सोडून देतो, राहिलेली पुढं घेतो. मुनीरसाहेबांना निंबखेडला नेणं, हे यंदाही पुढं घेतलं आहे.